जीपगाडीची वंशावळ

रायपूरहून दक्षिणेस निघणारी सडक धमतरी आणि कांकेर मागे टाकते, केशकालचा घाट चढते आणि कोंडागाववरून जगदलपूरला जाऊन पोहोचते. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. आज हा राष्ट्रीय महामार्ग आहे. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वी ही मुख्य सडक सोडून कोणी डावी-उजवीकडे वळला, की पुढचा रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, सालवनातील पायवाटा आणि पूल नसलेले नाले. १९५८ साली दंडकारण्य योजना सुरू झाली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना बस्तर व कोरापुटच्या रानात वसविण्याचे काम या योजनेकडे होते, आणि रायपूरजवळची माना येथील छावणी हा त्यांच्या वाटेवरील मोठा मुक्काम ठरला. जमीन मोजणारा सर्वेक्षक, विहिरींची जागा पाहणारा ओव्हरसियर, देवी टोचणारा डॉक्टर, निवडणुकीच्या पेट्या नेणारा तहसीलदार, या सर्वांना त्या मुलखात पोहोचविणारे वाहन एकच होते. त्याचे नाव छत्तीसगढी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत सारखेच होते. ते नाव जीप.

ही गाडी अशा कामासाठी जन्मली नव्हती. ती परदेशात, परक्या सैन्यासाठी आणि विलक्षण घाईत जन्मली. तिचा बाप कोण, याविषयी तिच्या जन्मापासूनच वाद आहे. तो वाद फिरून फिरून अखेर हिंदुस्थानापर्यंत येऊन पोहोचला, म्हणून ही वंशावळ मुळापासून पाहणे अगत्याचे आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. जर्मन सैन्याच्या वेगाने सारे जग चकित झाले होते. अमेरिकन सैन्याकडे तोवर निरोप नेण्यासाठी आणि टेहळणीसाठी घोडे व मोटारसायकली होत्या. त्यांच्या जागी हलकी, बुटकी आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी हवी, असे सेनाधिकाऱ्यांनी ठरविले आणि जुलै महिन्यात १३५ कारखान्यांना विचारणा पाठविली. अटी वाचून बहुतेकांनी पत्र बाजूला ठेवले असावे. गाडीचे वजन १,३०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ५९० किलोंहून अधिक असता कामा नये. आणि पहिला नमुना ४९ दिवसांत तयार करून दारात उभा केला पाहिजे! १३५ पैकी उत्तर आले ते दोघांचे. एक टोलेडो शहरातील विलीज-ओव्हरलँड आणि दुसरी पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची अमेरिकन बँटम.

बँटम ही त्या काळी जवळजवळ बंद पडलेली कंपनी होती. ब्रिटिश ऑस्टिन-सेव्हन या चिमुकल्या मोटारीची अमेरिकन आवृत्ती काढण्यासाठी ती स्थापन झाली होती. परंतु प्रशस्त रस्ते आणि स्वस्त पेट्रोल असलेल्या देशात चिमुकली मोटार घेतो कोण? कंपनीपाशी पैसा नव्हता, आणि आराखडे काढणारी माणसेही उरली नव्हती. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाचा एक स्वतंत्र इंजिनियर बोलाविला. प्रॉब्स्टने दोनेक दिवसांत गाडीचा सांगाडा कागदावर उतरविला. इंजिन काँटिनेंटल कंपनीचे, आस स्पायसर कंपनीचे आणि किरकोळ भाग जेथून मिळतील तेथून, अशी जमवाजमव करून गाडी उभी राहिली. २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीच्या फाटकातून ती आत शिरली, तेव्हा मुदत संपावयास अर्धाच तास उरला होता. गाडीचे वजन अटीपेक्षा पुष्कळच जास्त होते. पण ती चालली. चढावर, चिखलात, वाळूत, सर्वत्र चालली.

यानंतर जे घडले त्यात बँटमवर अन्याय झाला असे म्हणावयास जागा आहे. एवढी लहान कंपनी हजारोंनी गाड्या पुरवू शकेल, असा भरवसा सेनाधिकाऱ्यांना वाटेना. त्यांनी बँटमचे आराखडे विलीजला आणि फोर्डलाही पाहू दिले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी त्या दोघांचेही नमुने होलाबर्डला हजर झाले. पुढे तिघांनाही थोड्याथोड्या गाड्यांची मागणी देण्यात आली. मात्र १९४१ च्या जुलैत मुख्य कंत्राट मिळाले ते विलीजला. याचे खरे कारण विलीजचे इंजिन होते. बार्नी रूस या त्यांच्या मुख्य इंजिनियरने कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरी इंजिनाची डागडुजी करीत करीत त्याची ताकद ६० अश्वशक्तीवर आणली होती, आणि बँटमचे इंजिन त्याच्या बरेच मागे पडत होते. अडचण होती ती वजनाची. सैन्याने मर्यादा वाढवून २,१६० पौंड केली तरी विलीजची गाडी तिच्याही वर जात होती. तेव्हा रूसने सबंध गाडी सुटी केली आणि प्रत्येक भाग तराजूत टाकला. बोल्ट लागतील तेवढेच लांब ठेवले, पत्रा पातळ केला, आणि अखेर रंगाचा एक हातसुद्धा कमी केला, असे सांगतात. ती गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, त्या गाडीचा स्वभाव तीत नेमका उतरला आहे. तीत शोभेसाठी म्हणून काही नव्हतेच.

फोर्डचा वाटा कोणता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. जीपचे चित्र काढावयास सांगितले तर लहान मूलही आधी सपाट बॉनेट आणि उभ्या फटींची जाळी काढील. हे दोन्ही फोर्डच्या नमुन्यावरून आलेले आहे. विलीजच्या प्रारंभीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली जाळी असे. फोर्डने एकाच पत्र्यावर ठोका मारून नऊ फटींची जाळी काढली. ती हलकी होती, स्वस्त होती, आणि १९४२ पासून विलीजनेही तीच स्वीकारली. दिवे जाळीच्या आत बसविलेले असत आणि बिजागरीवर उलटे फिरविता येत, म्हणजे रात्री त्याच उजेडात इंजिन दुरुस्त करता येई. ही सोयही फोर्डचीच. युद्ध चालू असता विलीजने सुमारे ३,६०,००० आणि फोर्डने सुमारे २,८०,००० जीपा बांधल्या. फोर्डने आपल्या कारखान्यातल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपले आद्याक्षर उठविले. न जाणो, उद्या दुसऱ्याच्या भागातील दोष आपल्या माथी यावयाचा! आणि बँटम? जिच्या कारखान्यात पहिली जीप जन्मली तिने अडीच हजारांहून थोड्या अधिक गाड्या केल्या, आणि मग युद्ध संपेपर्यंत जीपच्या मागे जोडावयाचे ट्रेलर बनविले.

नावाचाही असाच घोळ आहे. ‘जनरल पर्पज’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘जीप’ झाले, अशी एक उपपत्ती आहे. ‘पॉपाय’च्या चित्रमालिकेत १९३६ साली आलेल्या एका अजब प्राण्यावरून सैनिकांनी हे नाव उचलले, अशी दुसरी. १९४१ च्या फेब्रुवारीत विलीजच्या एका चालकाने वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून गाडी वर चढवून दाखविली. बातमीदाराने नाव विचारले तेव्हा त्याने ‘जीप’ म्हणून सांगितले आणि वृत्तपत्रांनी ते जगभर केले. विलीज हुशार होती. १९४३ साली तिने हे नाव व्यापारचिन्ह म्हणून मागितले आणि जीप आपणच निर्माण केली अशा जाहिराती सुरू केल्या. त्यावर तक्रार झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ साली निकाल दिला, की ही कल्पना बँटमने काही सेनाधिकाऱ्यांच्या साहाय्याने प्रथम साकार केली. विलीजने तिच्या जन्माचे श्रेय घेऊ नये. तरीही १९५० साली नाव मात्र विलीजच्याच पदरी नोंदले गेले. ज्याचे श्रेय नाही त्याची मालकी मिळाली. कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

हिंदुस्थानाने जीप पाहिली ती आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. लेडोच्या रस्त्यावर चिखल तुडविणाऱ्या जीपा होत्या, तशा ब्रह्मदेशातील रेल्वेच्या रुळांवर लोखंडी चाके लावून डबे ओढणाऱ्या जीपाही होत्या. युद्ध संपल्यावर उरलेला माल ‘डिस्पोजल’ म्हणून विकावयास निघाला. जमीनदार, ठेकेदार, संस्थानिक आणि शिकारी यांनी या डिस्पोजलच्या जीपा हौसेने घेतल्या. सुकाणू डावीकडे असलेल्या या गाड्यांच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी सूचना रंगविलेली असे. मागून येणाऱ्याने सावध राहावे, एवढाच तिचा हेतू. पण ती पाटी पुढे मालकाच्या मिरविण्याचा विषय झाली.

सरकारलाही जीपांची निकड होती, आणि तीतून एक प्रकरण उद्भवले. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ साली लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांची खरेदी ठरली. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्याही सैन्याने घेण्याजोग्या नव्हत्या. संसदेत पुष्कळ गदारोळ झाला. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातील सरकारी खरेदीचा पहिला गाजलेला वाद जीपवरून झाला, हा या गाडीच्या वंशावळीतील एक नकोसा तपशील आहे.

याच सुमारास मुंबईत दुसरी एक घडामोड चालू होती. कैलासचंद्र महिंद्र हे युद्धकाळात वॉशिंग्टन येथे हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तेथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. त्यांचे बंधू जगदीशचंद्र पोलादाच्या व्यवसायात मुरलेले होते. दोघा भावांनी गुलाम महंमद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियाना येथे ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९५१ साली तर गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. आद्याक्षरे तीच राहिली, त्यामुळे छापलेले कागद वाया गेले नाहीत, असे गमतीने सांगितले जाते. महिंद्र बंधूंच्या हकिगतीत रूस यांचा उल्लेख पुष्कळदा जीपचा जनक म्हणून येतो. अमेरिकन कमिशनचा निकाल ठाऊक असलेल्याने तेथे किंचित थबकावे हे बरे. रूस यांनी जीपला हृदय दिले हे खरे. देह त्यापूर्वीच दुसऱ्याने घडविला होता.

१९४७ साली सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्यांची पहिली खेप अमेरिकेहून आली. जोडणीचा कारखाना माझगावला निघाला आणि ३ जून १९४९ रोजी तेथून पहिली विलीज जीप बाहेर पडली. जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे त्या काळी सर्वांनाच कळत होते. मुंबईला मोटारजोडणी नवी नव्हतीच. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून शेव्हरोले गाड्या जोडून विकत होता. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जोडणी आरंभिली होती. परंतु १९५३ साली केंद्र सरकारने असा दंडक घातला, की जी कंपनी टप्प्याटप्प्याने भाग येथेच तयार करण्याची योजना देईल, तिलाच या देशात धंदा करता येईल. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डनेही गाशा गुंडाळला. प्रीमियरने प्रवासी मोटारींसाठी हळूहळू इटलीच्या फियाटचा आश्रय घेतला. रस्त्यावरच्या अमेरिकन गाड्यांचे युग असे ओसरू लागले असता १९५४ साली महिंद्रांनी विलीजशी निर्मितीचा करार केला. मालट्रक सोडले तर अमेरिकन गाड्यांपैकी येथे मुळे धरली ती या एकट्या जीपनेच.

येथवर येताना अमेरिकेतील जीपही बदलत आली होती. १९४५ साली नागरिकांसाठी जी पहिली जीप निघाली ती ‘सीजे-२ए’. तिचे दिवे मोठे झाले, त्यामुळे जाळीतील दोन फटी गेल्या आणि सात उरल्या. मागे उघडणारा फाळका आला, स्टेपनी मागून काढून अंगाला टांगली गेली. तीन-चार वर्षांनी आलेल्या ‘सीजे-३ए’ची समोरची काच एकसंध झाली. आणि १९५३ साली आली ‘सीजे-३बी’. हिच्यात ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन होते. हवा व पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह या इंजिनात बाजूला नसून डोक्यावर होता. ताकद वाढली, पण इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. नवा सांगाडा घडविण्याइतका पैसा कंपनीपाशी नव्हता, म्हणून बॉनेट आणि जाळी तेवढी काही इंच उंच केली. गाडी पुढून फुगल्यासारखी दिसू लागली. जुन्या जीपचे शौकीन तिला नाके मुरडीत. विलीजच्या दृष्टीने ही तात्पुरती सोय होती. दोनच वर्षांत बाकदार मडगार्डांची ‘सीजे-५’ बाजारात आली, आणि अमेरिकेत लोक तिच्याकडे वळले.

ज्या वर्षी ही उंच नाकाची जीप निघाली त्याच १९५३ साली जनरल मोटर्सने ‘कॉर्व्हेट’ ही दोन आसनांची क्रीडा-मोटार काढली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या. अमेरिकन मोटारधंद्याचा खरा धर्म पाहावयाचा तर तो कॉर्व्हेटमध्ये. १९६३ साली तिने सबंध देह पालटला, १९६८ साली पुन्हा पालटला. जुने रूप टाकले नाही तर नवे गिऱ्हाईक येत नाही, अशी त्या धंद्याची श्रद्धा. आणि कॉर्व्हेटच्या तिसऱ्या अवताराच्या त्याच १९६८ साली अमेरिकेत सीजे-३बी कायमची बंद झाली. पंधरा वर्षांत तिच्या सुमारे १,५५,००० गाड्या झाल्या होत्या.

मुंबईत मात्र तिचे आयुष्य तेव्हा कोठे मध्यावर येत होते. महिंद्रांनी निर्मितीसाठी जो नमुना धरला तो हाच, सीजे-३बीचा. १९६२ पर्यंत तिचे ७० टक्के भाग देशात होऊ लागले. सत्तर टक्के हा आकडा छापील अहवालात लहान दिसतो. पण गियरची दातेरी चाके, आसांची ओतीव घरे, कमानपाटे, ब्रेकचे ड्रम हे सारे ज्या देशात दहा वर्षांपूर्वी कोणी करीत नव्हते, तेथे लहानमोठे कारखाने उभे राहिले तेव्हाच तो आकडा तयार झाला. जीपचे गिऱ्हाईक मुख्यतः सरकार होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना ५५ ठिकाणी सुरू झाली, आणि गटविकास अधिकारी म्हणजे जीप असे समीकरण खेड्यापाड्यांत रूढ झाले. बस्तरच्या पाड्यात काय किंवा मेळघाटात काय, धूळ उडवीत येणारी ती उंच नाकाची गाडी दिसली की सरकार आले, असे लोक समजत. त्यात कौतुक किती आणि धास्ती किती, हे गावागावावर अवलंबून असे.

१९६९ साली महिंद्रांनी युगोस्लाव्हियासारख्या देशांकडे आपल्या गाड्या निर्यात करण्यास प्रारंभ केला. ज्या वर्षी जन्मदात्यांच्या घरी तिची आठवण पुसली जाऊ लागली, त्याच्या पुढच्याच वर्षी ती मुंबईहून परदेशी निघाली.

पुढच्या काळात बाह्य रूप तेच ठेवून आतली गाडी बदलत गेली, आणि या भागाला अधिक महत्त्व दिले पाहिजे. हरिकेन इंजिन पेट्रोल फार पीत असे. अमेरिकेत कोणाला त्याचे काही वाटले नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर भारतात मात्र जीप ठेवणे हत्ती पोसण्यासारखे झाले. कंपनीच्या दुसऱ्या शाखेत इंटरनॅशनल ट्रॅक्टर तयार होत असत. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. ते जड होते, गुरगुरे होते, वेगाच्या नावाने शून्य होते. पण खर्च आवाक्यात आला. ज्या शेतकऱ्याच्या दारी ट्रॅक्टर होता त्याला तर हे इंजिन घरचेच वाटले, कारण त्याची दुरुस्ती करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी बसलेला होता. मग १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार झाला, आणि तिच्या २,११२ घनसेंटीमीटरच्या डिझेल इंजिनासाठी इगतपुरीला कारखाना निघाला. घाटमाथ्यावरील या गावात फ्रेंच इंजिने होऊ लागली आणि ती अमेरिकन देहात बसविली जाऊ लागली. ट्रॅक्टरच्या इंजिनाहून हे हलके आणि चपळ होते. ‘एमएम-५४०’ या नावाने निघालेली जीप याच इंजिनावर चाले.

देहही लांबत गेला. दोन आसांमधील अंतर वाढवून मागे समोरासमोर बाके टाकली, की जीप ही प्रवासी गाडी होई. १९९१ च्या सुमारास आलेल्या ‘कमांडर’मध्ये ही युक्ती पूर्णत्वाला गेली. कागदावर दहा माणसे. प्रत्यक्षात किती, हे सातारा-सांगलीकडच्या ‘वडाप’च्या प्रवाशांस आणि विदर्भ-मराठवाड्यातील ‘काळी-पिवळी’च्या प्रवाशांस विचारावे. मागच्या फाळक्यावर उभे राहून, कापडी हुडाची सळई धरून जाणाऱ्यांची गणती कोणी केलेली नाही. अमेरिकन सैन्याने जी गाडी मोजक्या माणसांसाठी मागितली होती तिने आठवड्याच्या बाजाराला आख्खी आळी वाहून नेली.

या सर्वांत कौतुकाबरोबर एक कटू गोष्टही नोंदविली पाहिजे. उंच नाकाचा तो देह तीस-चाळीस वर्षे तसाच राहिला याचे कारण निव्वळ काटकसर नव्हते. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती. गिऱ्हाईक रांगेत उभे होते. आणि मुख्य गिऱ्हाईक सरकार असल्याने खड्ड्यात आदळणाऱ्या पाठीची तक्रार ऐकून घेणारा कोणी नव्हता. कमानपाटे कडक ते कडकच राहिले, पावसात हुड गळे तो गळतच राहिला. आतील सुधारणा झाल्या त्या तेलाच्या भावाने भाग पाडले तेव्हा. १९९१ नंतर बाजार खुला झाला तेव्हा कोठे कंपनीने नवे देह घडविण्याचे मनावर घेतले. १९९३ ची ‘अरमाडा’, २००० सालची ‘बोलेरो’, २००२ ची ‘स्कॉर्पिओ’ या क्रमाने ती जीपपासून दूर होत गेली. तरी जुन्या जीपचे चाहते संपेनात. त्यांच्यासाठी २०१० साली ‘थार’ निघाली. बसक्या बॉनेटची, उघड्या अंगाची ही गाडी दिसावयास थेट जीपच्या कुळातील होती.

दरम्यान अमेरिकेत ‘जीप’ या नावाचे अनेक धनी झाले होते. विलीजला १९५३ साली कायझरने घेतले, १९७० साली अमेरिकन मोटर्सने, १९८७ साली क्रायस्लरने. आणि पुढे क्रायस्लरही फियाटच्या घरात गेली. कुर्ल्याच्या प्रीमियरने ज्या दोन घराण्यांच्या गाड्या बांधल्या त्याच दोघांचा हा विवाह, हे मुंबईकराच्या सहज ध्यानात यावे.

२०१८ च्या मार्च महिन्यात महिंद्रांनी डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्स येथे ‘रॉक्सर’ नावाची गाडी बाजारात आणली. ती सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासाठी नव्हतीच. शेतावर, रानात, टेकडीवर फिरविण्यासाठी होती. तीत अडीच लिटरचे डिझेल इंजिन होते, पोलादी देह होता. पाहणाऱ्यास मात्र ती थेट जुन्या जीपची बहीण वाटे. विलीजच्या परवान्याने आपण १९४० च्या दशकापासून हीच गाडी करीत आलो आहोत, असे महिंद्रांचे म्हणणे होते. ऑबर्न हिल्स हे क्रायस्लरचेही मुख्य ठाणे. म्हणजे दावेदार आणि प्रतिवादी एकाच गावचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रायस्लर-फियाटने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नोंदविली: हा चेहरा आमचा आहे.

महिंद्रांनी २००९ सालच्या एका कराराचा आधार घेतला. विशिष्ट जाळी लावल्यास तक्रार करणार नाही असे क्रायस्लरने त्या वेळी मान्य केले होते, असा त्यांचा युक्तिवाद. आयोगापुढील चौकशीत नोंदलेल्या व्यापारचिन्हांचा भंग सिद्ध झाला नाही. परंतु गाडीचे एकंदर रूप, चौकोनी पेटीसारखा देह, सपाट उभ्या बाजू, जाळीचा घाट, हे सर्व मिळून होणारी ओळख उचलली गेली आहे, असे ठरले. जून २०२० मध्ये आयोगाने त्या रूपातील रॉक्सर आणि तिचे भाग अमेरिकेत आणण्यास व विकण्यास मनाई केली. महिंद्रांनी पुढचा भाग बदलला. त्या नव्या चेहऱ्याबद्दल आयोगाने वर्षाअखेर हरकत घेतली नाही, तरी न्यायालयातील झुंज त्यानंतरही चालू राहिली.

कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. गिऱ्हाईक गाडी पाहून जे नाव मनात आणते, त्या नावाच्या धन्याचे ते रूप, असा तो न्याय. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र निराळे दिसते. सांगाडा बँटमचा, इंजिन विलीजचे, सपाट बॉनेट आणि ठोक्याची जाळी फोर्डची, अटी सैन्याच्या, आणि ज्या पिढीत अमेरिकेने तिला नाकारले त्या पिढीत तिला जिवंत ठेवले ते माझगाव, कांदिवली आणि इगतपुरीच्या कामगारांनी. ज्या कंपनीने आज या चेहऱ्यावर हक्क सांगितला तिचा यांपैकी कशाशीही जन्मसंबंध नाही. तिने तो विकत घेतला. बँटमचे काय झाले हे आठवले, म्हणजे यात नवे असे काही वाटत नाही. भारतीय कंपनीचीही बाजू मात्र सर्वस्वी निर्मळ म्हणता येत नाही. आतल्या यंत्रात तिने स्वतःचे पुष्कळ काही घडविले; पण विकावयाची वेळ आली तेव्हा पुढे केला तो चेहरा उसना.

त्याच २०२० साली, १५ ऑगस्ट रोजी, महिंद्रांनी दुसऱ्या पिढीची थार लोकांपुढे आणली. ती संपूर्ण नव्याने घडविलेली होती, नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी. तिच्या चेहऱ्यावरूनही पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात हरकत घेतली गेली, आणि तेथे ती विकावयाची झाल्यास आगाऊ सूचना देऊ, असे महिंद्रांना सांगावे लागले. भारतात तशी काही अडचण आली नाही.

‘जीप’ हे नाव मिरविणारी मूळ अमेरिकन कंपनी मात्र तोवर स्वतःच महाराष्ट्रात येऊन राहिली होती. तिची ‘कंपास’ ही गाडी २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होऊ लागली. तिच्या जाळीला सात फटी आहेत.